आपल्याच सहीनं झालेली चोरी

25 जानेवारी 2023 रोजी केव्हिन रोझ यांच्या वॉलेटमधून, म्हणजे डिजिटल मालमत्ता सांभाळणाऱ्या ॲपमधून, चाळीस एनएफटी (डिजिटल चित्रांसारख्या वस्तूंच्या मालकीच्या नोंदी) गेले. किंमत दहा लाख डॉलरहून जास्त. हा माणूस नवशिका नव्हता. ‘डिग’ हे एके काळी गाजलेलं संकेतस्थळ त्यांनीच सुरू केलं होतं, आणि ‘मूनबर्ड्स’ हा एनएफटी संग्रह काढणाऱ्या ‘प्रूफ’ कंपनीचे ते सहसंस्थापक. या क्षेत्रात उभी हयात काढलेल्या लोकांनाही जे धडे ठाऊक नसतील, ते त्यांना पाठ असणार. त्यांची किल्ली कुणी चोरली नव्हती, पासवर्डही फुटला नव्हता. एका बनावट पानावर त्यांनी एक डिजिटल सही केली, एवढंच. आपले एनएफटी जवळजवळ फुकटात विकायला आपली संमती आहे, असा त्या सहीचा अर्थ होत होता आणि बाजाराच्या यंत्रणेनं तो इमानेइतबारे अंमलात आणला.

एनएफटीच्या फसवणुकीबद्दल आपल्याकडे जे सांगितलं जातं ते बहुतेक वेळा ‘अनोळखी लिंकवर क्लिक करू नका’ इथेच संपतं. ते खोटं नाही, पण फार अपुरं आहे. नुसत्या क्लिकनं सहसा काही जात नाही. क्लिकनंतर पान वॉलेटला हाक मारतं, वॉलेट एक छोटी चौकट उघडतं आणि त्या चौकटीत आपण हो म्हणतो, तेव्हा जातं. मी सॉफ्टवेअर तपासणीच्या कामात आहे, त्यामुळे ओळखीतले लोक असल्या शंका घेऊन माझ्याकडे येतात. त्यातल्या जवळजवळ प्रत्येकानं ती चौकट पाहिलेली असते आणि जवळजवळ कुणीच ती वाचलेली नसते. म्हणून मला जे सांगायचंय ते मुख्यतः त्या चौकटीबद्दल आहे. चोर आणि आपला माल यांच्यामध्ये शेवटची जागा तीच असते.

इथेरियम या ब्लॉकचेनवरचे, म्हणजे अनेक संगणकांवर एकत्र ठेवलेल्या नोंदवहीवरचे, बहुतेक एनएफटी 2018 साली पक्क्या झालेल्या ईआरसी-721 या मानकानुसार चालतात. एनएफटी म्हणजे चित्र नव्हे, तर ब्लॉकचेनवरची मालकीची नोंद, हे बहुतेकांना आता माहीत आहे. पण त्या मानकातच एक तरतूद आहे, तिचं नाव ‘सेट अप्रूव्हल फॉर ऑल’. या संग्रहातला माझा प्रत्येक एनएफटी अमुक पत्ता माझ्या वतीनं हलवू शकतो, अशी ती परवानगी. ओपनसीसारख्या बाजारात माल विकायला ठेवायचा तर ही परवानगी द्यावीच लागते, कारण आपण झोपलेले असताना गिऱ्हाईक आलं तर व्यवहार पुरा कोण करणार? म्हणजे परवानगीत वाईट काही नाही. प्रश्न ती कुणाला दिली, हा आहे. गावाकडच्या जमिनीचं कुलमुखत्यारपत्र कुणाला तरी करून दिलं आणि त्यानं जमीन परस्पर विकली, अशा कहाण्या आपल्या प्रत्येक तालुक्याला माहीत आहेत. इथे तसंच होतं. कागद खरा असतो, सही खरी असते. या परवानगीला मुदतही नसते. आज दिली आणि विसरून गेलात, तरी ती तशीच उभी राहते, आणि उद्या त्या संग्रहातला नवा एनएफटी घेतलात तर तोही तिच्या कक्षेत येतो.

दुसरा प्रकार जास्त फसवा, कारण त्यात गॅस, म्हणजे ब्लॉकचेनवर व्यवहार नोंदवण्याचं शुल्क, लागत नाही. विक्रीची ऑर्डर ब्लॉकचेनवर न लिहिता नुसती सही करून देता येते, आणि ती सही खिशात ठेवून समोरचा हवी तेव्हा वापरू शकतो. पैसे कापले जात नाहीत म्हणून माणसाला वाटतं, हे तर फक्त लॉगिन. 19 फेब्रुवारी 2022 ला ओपनसीच्या वापरकर्त्यांवर जो हल्ला झाला तो याच वाटेनं. ओपनसी त्या दिवसांत जुन्या कंत्राटावरून (म्हणजे व्यवहार आपोआप पार पाडणाऱ्या ब्लॉकचेनवरच्या प्रोग्रॅमवरून) नव्या कंत्राटावर जात होतं, सगळ्यांना आपापला माल हलवायला सांगितलं गेलं होतं आणि त्या धांदलीत चोरानं आधीच गोळा करून ठेवलेल्या सह्या बाहेर काढल्या. त्या ऑर्डरमधले बरेचसे रकाने कोरेच होते. लोकांनी कोऱ्या कागदावर सही करून दिली, उरलेलं चोरानं भरलं. सुरुवातीला कंपनीनं 32 जणांचा आकडा दिला, नंतर तपासून तो 17 वर आणला. चोराच्या वॉलेटमध्ये चोरीचा माल विकून आलेले सुमारे 17 लाख डॉलर होते. सही केल्याचा दिवस आणि माल गेल्याचा दिवस वेगळे असू शकतात, हे त्या घटनेनं पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर लोकांच्या लक्षात आलं.

ती चौकट जवळून बघा. ओपनसी 2022 च्या जूनपासून ‘सीपोर्ट’ नावाची यंत्रणा वापरतं. तिची ऑर्डर सहीसाठी समोर येते तेव्हा लांबलचक मजकूर दिसतो. अर्धा मजकूर शून्य-एक्सनं सुरू होणाऱ्या आकड्या-अक्षरांचा, म्हणून डोळा आपोआप तळाच्या बटणाकडे जातो. तिकडे जाऊ नये. त्या मजकुरात दोन शब्द शोधावेत. ‘ऑफर’च्या खाली तुम्ही काय देताय त्याची यादी असते. ‘कन्सिडरेशन’च्या खाली मोबदला काय आणि तो कुणाच्या पत्त्यावर जाणार, ते असतं. फसव्या ऑर्डरमध्ये ऑफरची यादी लांब असते आणि कन्सिडरेशन रिकामं तरी असतं किंवा त्यात नावापुरती रक्कम असते. कधी रक्कम असते, पण पत्ता तुमचा नसतो. हे वाचायला इंजिनिअर असावं लागत नाही. शांतपणे खाली सरकत जावं लागतं, इतकंच. आणि जर चौकटीत फक्त शून्य-एक्सची एक ओळ दिसत असेल, वाचण्याजोगं काहीच नसेल, तर नकाराचं बटण दाबायला तेवढं कारण पुरे. पडताळणीसाठी म्हणून कुठलंही पान ‘सेट अप्रूव्हल फॉर ऑल’ची परवानगी मागत असेल तर तेही तिथेच संपलं. तुम्ही मालक आहात हे सिद्ध करायला माल हलवायची परवानगी कधीच लागत नाही.

आता या चौकटीपर्यंत माणसाला आणतात कसं, ते बघू. इथे चोरांची खरी मेहनत असते.

9 सप्टेंबर 2023 ला इथेरियमचे सहसंस्थापक व्हिटालिक ब्युटेरिन यांच्या खात्यावरून एक संदेश आला. इथेरियमच्या येऊ घातलेल्या सुधारणेनिमित्त एक स्मरण-एनएफटी फुकट मिळणार, लिंक खाली. खातं खरं होतं. भाषा त्यांच्यासारखी होती. विषय तर असा, की ज्याला इथेरियमची आवड आहे त्यालाच कळावा. थोड्याच वेळात लोकांच्या वॉलेटमधून मिळून 6 लाख 90 हजार डॉलरच्या वर रक्कम गेली. पुढे ब्युटेरिन यांनीच सांगितलं की चोरानं मोबाइल कंपनीकडून त्यांचा नंबर स्वतःच्या सिमवर वळवून घेतला होता, आणि त्या नंबराच्या जोरावर खात्याचा पासवर्ड बदलला. त्याच्या आदल्या वर्षी, 25 एप्रिल 2022 ला, ‘बोअर्ड एप यॉट क्लब’ या वानरांच्या चित्रांच्या एनएफटी संग्रहाचं इन्स्टाग्राम खातं असंच ताब्यात गेलं होतं. त्या क्लबची आभासी जमीन विक्रीला यायला जेमतेम काही दिवस उरले होते, आणि चोरांनी जाहीर केलं की सभासदांना जमीन फुकट मिळतेय. सगळे त्याचीच वाट बघत होते. कंपनीच्या म्हणण्यानुसार त्या खात्यावर दुहेरी पडताळणी सुरू होती, तरी ते गेलं.

मला या दोन्ही घटनांतली वेळ साधण्याची हातोटी भयानक वाटते. लोक लोभी होते म्हणून फसले, असं म्हणून मोकळं होणं फार सोपं आहे आणि फार अन्यायाचंही. ते आपल्या आवडत्या गोष्टीच्या अधिकृत घोषणेला प्रतिसाद देत होते. तेव्हा ‘अधिकृत खात्यावरच विश्वास ठेवा’ हा सल्ला मी आता कुणाला देत नाही. घोषणा खात्यावर आली असेल तर तीच घोषणा त्यांच्या संकेतस्थळावर आहे का, डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर आहे का, आणि तासाभरानंतरही आहे का, हे बघायला सांगतो. खरी गोष्ट तासाभरात नाहीशी होत नाही. ‘फक्त पुढची वीस मिनिटं’ असं जिथे लिहिलेलं असतं, तिथे ती वीस मिनिटं चोराला हवी असतात. तेवढ्यात कुणीतरी खात्याचा ताबा परत घेईल, ही त्याची धास्ती असते.

खुणांचंही तसंच. 5 एप्रिल 2022 ला एका संग्राहकाने एनएफटीची अदलाबदल करून देणाऱ्या साइटवर आपला एक बोअर्ड एप आणि दोन म्युटंट एप (त्याच क्लबचा दुसरा संग्रह) दिले आणि बदल्यात तीन बोअर्ड एप घेतले. निदान त्याला तसं वाटलं. त्या साइटवर पडताळणी झालेल्या संग्रहाच्या चित्रावर कोपऱ्यात हिरवी बरोबरची खूण येत असे. चोरानं मूळ चित्रं उतरवून घेतली, ती हिरवी खूण त्या चित्रांतच रंगवली आणि त्यांचे नवे एनएफटी केले. खूण होती, पण ती साइटनं दिलेली नव्हती. सुमारे पावणेसहा लाख डॉलरचा माल एका रंगवलेल्या खुणेवर गेला. चित्र, नाव, खूण, सभासदांची संख्या, यातलं काहीही नक्कल करता येतं. फक्त कंत्राटाचा पत्ता नक्कल करता येत नाही. प्रकल्पाच्या मूळ संकेतस्थळावरून तो घ्यायचा, इथेरियमवरच्या नोंदी दाखवणाऱ्या इथरस्कॅन या साइटवर टाकून बघायचा आणि नुसती पुढची-मागची चार अक्षरं न बघता सगळा जुळवायचा. ओपनसीनं जानेवारी 2022 मध्ये स्वतःच सांगितलं होतं की त्यांच्या फुकट निर्मितीच्या सोयीतून आलेल्या मालापैकी 80 टक्क्यांहून जास्त चोरलेली चित्रं, बनावट संग्रह किंवा कचरा होता.

माझी एक मामेबहीण जलरंगात घाटांची चित्रं काढते. कृष्णाकाठची, वाईची, पावसाळ्यातली. इन्स्टाग्रामवर टाकते. तिला क्रिप्टोतलं काही घेणं-देणं नव्हतं. एक दिवस तिनं फोन माझ्यापुढे धरला. “दादा, हा माणूस माझी पाच चित्रं घेतोय. प्रत्येकी दीड इथर देतोय म्हणे. हे खूप असतं ना?”

इथर म्हणजे इथेरियमचं चलन. मी संभाषण वरपासून वाचलं. त्या माणसानं आधी चित्राची मनापासून स्तुती केली होती, तीही नेमकी: पाण्यातलं देवळाचं प्रतिबिंब तुम्ही कसं सोडून दिलंत, रेषा पुरी केली नाहीत, ते आवडलं. तिला इतकं बारकाईनं कुणी सांगितलं नव्हतं. मग त्यानं म्हटलं, मला मूळ चित्र नको, एनएफटी हवेत. कसं करायचं ते माहीत नाही? मी शिकवतो. एका बाजाराचं नाव दिलं, लिंक दिली. पान देखणं होतं. तिथे खातं उघडायचं, चित्रं चढवायची आणि प्रत्येक चित्रामागे ‘निर्मिती शुल्क’ म्हणून थोडं इथर त्या बाजाराच्या पत्त्यावर भरायचं. ते भरायला आधी भारतीय एक्स्चेंजवरून, म्हणजे रुपये देऊन क्रिप्टो घेता येते अशा ठिकाणाहून, इथर घ्यायचं, तेही त्यानं टप्प्याटप्प्यानं, चित्रांसह समजावून दिलं होतं.

पुढे काय होतं ते सांगतो, कारण हा साचा ठरलेला आहे. शुल्क भरलं की चित्रं विकली जातात आणि त्या पानावरच्या खात्यात साडेसात इथर दिसू लागतात. ते नुसते आकडे असतात, त्यांच्यामागे ब्लॉकचेनवर काही नसतं. काढायला गेलं की ‘काढण्याचं शुल्क’ मागतात. ते भरलं की कर, मग खातं वरच्या श्रेणीत नेण्याचं शुल्क. जितके पैसे आधी अडकलेले, तितकं पुढचं शुल्क भरावंसं वाटतं. आणि सगळा वेळ तो गिऱ्हाईक बाजूला बसून धीर देत असतो, कधी कधी ‘निम्मे मी भरतो’ असंही म्हणतो.

मी तिला एकच प्रश्न त्याला विचारायला सांगितला. “माझं खातं ओपनसीवर उघडते, तुम्ही तिथून घ्याल का?” खऱ्या गिऱ्हाईकाला कुठून घ्यायचं याचा काय फरक पडतो? त्याचं उत्तर लगेच आलं. तिथे कमिशन जास्त, तिथे कलाकारांची फसवणूक होते, माझा विश्वास याच बाजारावर आहे. मग तिनं लिहिलं, “निर्मितीचं शुल्क तुमच्या रकमेतून वळतं करून घ्या.” त्यावर तो चिडला, आणि मग तिला ब्लॉक करून नाहीसा झाला. तिचा एक पैसाही गेला नाही. पण त्या संध्याकाळी ती गप्प होती. पैशापेक्षा तिला ती स्तुती खोटी निघाल्याचं लागलं होतं. प्रतिबिंबाची ती रेषा तिनं खरोखरच विचार करून सोडली होती आणि ते पहिल्यांदा एका चोरानं ओळखलं होतं. या फसवणुकीची किंमत मोजताना हे कुठल्याच तक्रारीत येत नाही. चित्रकारांना, विशेषतः कोल्हापूर, सांगली, नाशिकसारख्या गावांत बसून इन्स्टाग्रामवर काम दाखवणाऱ्या मुलामुलींना, असे संदेश आजही येतात. कलामहाविद्यालयांत पहिल्याच वर्षी हा साचा कुणीतरी समजावून सांगायला हवा, असं मला कळकळीनं वाटतं.

प्रकल्पच खोटा निघण्याचे प्रकार मी थोडक्यात सांगतो, कारण ते चौकट वाचून ओळखता येत नाहीत. 2021 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ‘इव्हॉल्व्ह्ड एप्स’चे दहा हजार एनएफटी हातोहात खपले आणि आठवडाभरात त्याचा निर्माता 798 इथर घेऊन गायब झाला. ‘फ्रॉस्टीज’च्या दोघा विशीतल्या तरुणांना अमेरिकेत मार्च 2022 मध्ये अटक झाली, तेव्हा त्यांच्या दुसऱ्या संग्रहाची विक्री अगदी तोंडावर होती. निर्माते कोण, त्यांची नावं कुठे आहेत, आधी काय केलंय, याची उत्तरं नसतील तर चित्रं कितीही गोड असोत, पैसे घालू नयेत. आणि किमतीच्या आलेखावर तर मुळीच जाऊ नये. 28 ऑक्टोबर 2021 ला ‘क्रिप्टोपंक’ संग्रहातला एक एनएफटी 53 कोटी डॉलरहून जास्त किमतीला ‘विकला’ गेला. प्रत्यक्षात मालकानं एकाच व्यवहारात घेऊन फेडलेल्या कर्जाच्या जोरावर तो स्वतःलाच विकला होता. एवढा मोठा व्यवहार असल्यानं तो लगेच ओळखू आला. दोन-चार इथरचे असे व्यवहार कोण तपासत बसतं?

माझ्याकडे जे येतात त्यांच्याशी मी पहिल्यांदा परवानग्यांची यादी काढतो. इथरस्कॅनवर किंवा ‘रिव्होक डॉट कॅश’वर आपला पत्ता टाकला की आजवर कुणाकुणाला मुखत्यारी दिलीय ते दिसतं. बहुतेकांना तिथे अशी नावं दिसतात जी आता आठवतही नाहीत. प्रत्येक परवानगी रद्द करायला थोडा गॅस लागतो, तो खर्च करावा. इथे एक गैरसमज फार पसरलाय: वॉलेटमधून साइट ‘डिस्कनेक्ट’ केली की झालं. तसं होत नाही. डिस्कनेक्ट केल्यानं साइटला तुमचा पत्ता दिसेनासा होतो, परवानगी जशीच्या तशी राहते. किल्ली वेगळ्या उपकरणात ठेवणाऱ्या हार्डवेअर वॉलेटबद्दलही तसाच समज आहे. ते किल्ली उत्तम सांभाळतं, पण चुकीच्या कागदावर तुम्ही स्वतः सही केलीत तर ते सहीच करून देतं. शिवाय किल्ली परत मिळवून देणारे त्याचे चोवीस शब्द संगणकावर कुठेही टाइप केले, की त्याचा उपयोग संपला. जानेवारी 2023 मध्ये ‘एनएफटी गॉड’ या टोपणनावानं लिहिणाऱ्याचं तसंच झालं. त्यानं गुगलवरच्या जाहिरातीच्या लिंकवरून एक रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं, ते बनावट होतं, आणि हार्डवेअर वॉलेटचे शब्द त्यानं आधीच संगणकातल्या वॉलेटमध्ये भरलेले होते.

म्हणून वॉलेट दोन असावीत. एकात जपून ठेवायचा माल, आणि ते कुठल्याही साइटला कधी जोडायचंच नाही. दुसऱ्यात त्या दिवशीच्या व्यवहारापुरते इथर, नवं काही बघायचं तर त्यातूनच. वॉलेटमध्ये अचानक येऊन पडलेल्या अनोळखी एनएफटींना हात लावू नये. ते नुसते पडून राहिले तर काही बिघडत नाही. त्यांच्यावर लिहिलेल्या पत्त्यावर ‘बक्षीस घ्यायला’ गेलं, की पुन्हा तीच चौकट येते. आणि डिस्कॉर्डवर शंका विचारताच खासगी संदेशात धावत येणारा मदतनीस कुठल्याही कंपनीचा नसतो.

आणि तरीही गेलं तर?

अभिनेता सेथ ग्रीन यांचा बोअर्ड एप मे 2022 मध्ये चोरीला गेला आणि भलत्याच माणसानं तो विकत घेतला होता. परत मिळवायला त्यांना 165 इथर मोजावे लागले. म्हणजे ब्लॉकचेनवर उलटा व्यवहार नाही. आपल्याकडे तर अशा मालमत्तेवर 2022 पासून नफ्यावर सरसकट 30 टक्के कर आहे आणि एका विक्रीतला तोटा दुसऱ्या विक्रीच्या नफ्यातून वजा करता येत नाही. त्यामुळे उरलेलं वाचवणं हे पहिलं काम. नवं वॉलेट, नवे शब्द, आणि जे शिल्लक आहे ते तिकडे. शब्दच फुटले असतील तर परवानग्या रद्द करत बसण्यात वेळ घालवू नये, आधी माल हलवावा.

यानंतरचे काही दिवस फार नाजूक असतात. समाजमाध्यमावर ‘माझं वॉलेट रिकामं झालं’ असं लिहिलं की ‘मला एका हॅकरनं परत मिळवून दिलं’ असे संदेश सुरू होतात. तो दुसरा चोर असतो. पहिल्यानं माल नेला, हा उरलेली रोकड न्यायला येतो. तज्ज्ञ म्हटला की विश्वास टाकावा, असं मन म्हणतं, पण पुण्यात काय घडलं ते आठवा. बिटकॉइन गुंतवणुकीच्या नावानं झालेल्या गेनबिटकॉइन या फसवणूक प्रकरणाच्या तपासात मदत करायला पोलिसांनी जे दोघे क्रिप्टो-जाणकार घेतले होते, त्यांनाच पुणे पोलिसांनी मार्च 2022 मध्ये अटक केली. आरोपींची क्रिप्टो स्वतःच्या वॉलेटमध्ये वळवल्याचा आरोप त्यांच्यावर आहे आणि त्यातला एक तर माजी आयपीएस अधिकारी.

तेव्हा पैसे मागणाऱ्या कुणाकडे न जाता 1930 या सायबर मदतक्रमांकावर फोन करावा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी. भारतीय एक्स्चेंजवरून रुपये गेले असतील तर जितक्या लवकर तितकं बरं, कारण बँकेतले पैसे गोठवता येतात. तक्रारीत ‘माझे एनएफटी चोरीला गेले’ एवढंच लिहिलं तर ठाण्यातल्या माणसाला पुढे काही करता येत नाही. तुमच्या वॉलेटचा पत्ता, माल ज्या पत्त्यावर गेला तो पत्ता, प्रत्येक व्यवहाराचा हॅश (ब्लॉकचेनवरचा त्याचा ओळखक्रमांक), वेळ, ज्या साइटवर सही केली तिचा पूर्ण पत्ता आणि तिच्याकडे नेणाऱ्या संदेशाचं छायाचित्र, हे सगळं जोडावं. चोराचा पत्ता पुढे एखाद्या ओळखपत्र घेणाऱ्या एक्स्चेंजपाशी पोचला, तर त्या एक्स्चेंजला पोलिसांकडून पत्र जाऊ शकतं, आणि ते पत्र लिहायला ठाण्यातल्या माणसाला नेमका हाच तपशील लागतो.